पेरणारा पेरावयास निघाला

शास्त्रपाठ : लूक ८:४-१५, योना, अध्याय ३



पेरणाऱ्याचा दाखला आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु याच दाखल्याचे नाव एका भयाण भविष्याच्या कादंबरीस दिलेले आहे, आणि तिचा शेवटही याच दाखल्याने होतो, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेची 'पॅरेबल ऑफ द सोअर' ही ती कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली. भिलाईतील अभ्यासमंडळींनी ती कशी वाचावी व तिच्याविषयी एकमेकांशी काय बोलावे, याचा विचार या पाठात करू.

कथा

कथेचा काळ २०२४ पासून पुढचा आहे. कॅलिफोर्नियात पाणी महागले आहे, रोजगार नाहीसा झाला आहे आणि अनेकांनी आपापल्या वस्तीभोवती भिंती उभारल्या आहेत. लॉरेन ही बाप्टिस्ट पाळकाची कन्या. दुसऱ्याची वेदना पाहताच ती आपल्याच देहात जाणवावी, असा विकार तिला जडलेला आहे. २०२७ साली भिंत फुटते, घरे जळतात, आप्त मारले जातात. लॉरेन पायी उत्तरेकडे निघते. वाटेत निरनिराळ्या वंशांची, लुटली गेलेली माणसे तिला येऊन मिळतात. अखेरीस एका जळालेल्या शेतावर ही मंडळी थांबतात, आपल्या मृतांच्या स्मरणार्थ ओक वृक्षाचे बी मातीत पुरतात आणि तेथेच नवी वस्ती वसवतात.

वाचकांचे उद्गार

या पुस्तकाविषयी वाचकांचा सर्वसाधारण उद्गार एकच असतो : "लेखिकेने सांगितले ते खरे झाले!" २०२० साली, महामारीच्या काळात, म्हणजे प्रकाशनानंतर तब्बल २७ वर्षांनी, हे पुस्तक 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या सर्वाधिक खपाच्या यादीत आले. लेखिका २००६ सालीच निवर्तल्या होत्या. पुढे जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात वणवे भडकले आणि अल्टाडेना हे गाव होरपळले. तेथील दफनभूमीतच बटलर यांना मूठमाती दिलेली आहे. कादंबरीतील दैनंदिनीत फेब्रुवारी २०२५ च्या आरंभी आगीची नोंद आहे, हे वाचकांनी तेव्हा एकमेकांस दाखविले.

हे विस्मयकारक आहे खरे. पण येथेच थांबणे योग्य होईल काय? योनाचा विचार करा. चाळीस दिवसांनी निनवे नगराचा नाश होईल, असे त्याने घोषित केले. लोकांनी पश्चात्ताप केला आणि नाश टळला. योना रुष्ट झाला, कारण त्याचे शब्द खरे ठरले नाहीत! परंतु त्या संदेशाचे साफल्य तो खोटा ठरण्यातच होते. इशारा हा ऐकणाऱ्याने वळावे म्हणून दिलेला असतो. तो खरा ठरल्याचे कौतुक करणारा वाचक योनाप्रमाणे नगराबाहेर मांडव घालून नाश पाहत बसतो.

बटलर यांनी २००० साली एका लेखात सांगितलेला प्रसंग या संदर्भात उद्बोधक आहे. आपण समस्या कल्पनेने निर्माण केल्या नाहीत. आज ज्यांच्याकडे दुर्लक्ष होत आहे, त्यांना सुमारे तीस वर्षे वाढू दिले, असे त्यांनी एका विद्यार्थ्यास सांगितले. मग यावर उपाय कोणता, असे त्याने विचारले. एकच एक उपाय नाही, उपाय हजारो आहेत, आणि मनात आणलेस तर तूही त्यांपैकी एक होशील, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले.

श्रद्धेची अडचण

ख्रिस्ती वाचकाला या पुस्तकात एक ठेच लागते, ती झाकून ठेवू नये. लॉरेन पित्याचा देव नाकारते आणि परिवर्तनालाच देव मानते. हे आपण मान्य करू शकत नाही. परिवर्तन कोणाची प्रार्थना ऐकत नाही, शोक करणाऱ्याबरोबर शोक करीत नाही. तथापि एवढ्यासाठी पुस्तक मिटून टाकण्यापूर्वी लॉरेनचा विकार आठवावा. एक अवयव दुखावला तर सर्व अवयव दुखावतात, हे पौलाने करिंथकरांस लिहिले. ते आपण मुखाने म्हणतो. तिला ते देहाने भोगावे लागते. हा प्रश्न आपल्याला खुपला पाहिजे.

आपल्या मातीत

भिलाईच्या वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भिन्न भाषांचे लोक शेजारी झाले. त्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे जून १९७७ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात ११ जण मृत्यू पावले. खाणकामगारांनी आपल्या मृतांच्या स्मरणार्थ वर्गणी काढली, श्रमदान केले आणि १९८३ साली शहीद रुग्णालय उघडले. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची हत्या २८ सप्टेंबर १९९१ रोजी आपल्या भिलाईतच झाली. रुग्णालय मात्र थांबले नाही. कादंबरीतील मंडळींनी मृतांसाठी बी पुरले. आपल्या प्रांतात ते बी रुग्णसेवेच्या रूपाने उगवले.

अल्टाडेनाच्या वणव्यानंतर शेजारच्या पॅसाडेना शहरात, बटलर यांचेच नाव धारण करणाऱ्या एका पुस्तकांच्या दुकानाने आपद्ग्रस्तांना पाणी, अन्न व नित्योपयोगी वस्तू विनामूल्य वाटल्या. वाचकाचा अभिप्राय असाही देता येतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घराभोवती, मंडळीभोवती कोणती भिंत आहे? तिच्या बाहेर कोण उभे आहे?
२. आज दुर्लक्षिलेली कोणती गोष्ट तीस वर्षांनी भिलाईत संकट होऊन उभी राहील?
३. वाट, खडक, काटेरी झुडपे, चांगली जमीन : हे पुस्तक आपल्यात कोठे पडले?

पेरणाऱ्याने जमीन पारखून मग मूठ उघडली नाही. बरेच बी वाया गेले, तरी तो पेरीत राहिला. ख्रिस्ती आशा ती हीच. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बैठकीत देण्याची घाई करू नका. ते पुढील वर्षभरात आपल्या हातून होणाऱ्या कामाने द्या.