गांडुळांची मेस

मेसच्या जेवणाला नावं ठेवण्यात आपल्या हॉस्टेलचा हात कुणी धरणार नाही. पण ते जेवण खाऊन जी खरोखर मेली, त्यांच्याविषयी हा लेख आहे. ती होती एक किलो गांडुळं, आणि त्यांना वाढणारी होते मी!

सेकंड इयरला असताना आम्ही एन.एस.एस.च्या चौघींनी ठरवलं की मेसचा ओला कचरा हॉस्टेलमागच्या बागेतच जिरवायचा. तिथे दहा फूट बाय तीन फुटांचा एक वाफा रिकामा होता. टाकी नको, शेड नको, खत चाळणं नको. कचरा थेट वाफ्यात, गांडुळंही तिथेच आणि खतही झाडाच्या मुळाशीच तयार! कल्पना चुकीची नव्हती, चुकलो आम्ही. नर्सरीतून गांडुळं आणली, वाफ्यात सोडली आणि त्याच संध्याकाळी दोन बादल्या खरकटं वर ओतलं. भात, तवंगासकट रस्सा, लोणच्याच्या फोडी, सगळं.

चौथ्या दिवशी वास खिडक्यांपर्यंत आला. वाफ्याच्या कडेला गांडुळं बाहेर येऊन वाळून पडली होती. रेक्टर मॅडमनी बोलावलं ते माळीमामांना. मामांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं, आमचं नाव घेतलं नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते आणि पुढे झाले नाही, हे आज लिहितानाही टोचतं. संध्याकाळी जाऊन मॅडमना खरं काय ते सांगितलं. "मग आता तुम्हीच निस्तरा," त्या म्हणाल्या. मामांची माफी मागितली तर ते एवढंच म्हणाले, "ताई, पाव्हण्याला जेवायला बोलवायचं आन् त्याच्याच अंगावर पातेलं पालथं करायचं, असं कसं चालंल?"

निस्तरता निस्तरता जे शिकलो ते आता सांगते.

गांडूळ खातं कसं?

गांडुळाला दात नसतात. त्याच्या पोटात पेषणी नावाचा स्नायूंचा जाड भाग असतो. गिळलेल्या वाळूच्या कणांच्या मदतीने तिथे अन्न दळलं जातं, जणू जातंच. पण त्याआधी जिवाणूंनी आणि बुरशीने ते अन्न मऊ केलेलं असावं लागतं. म्हणजे आज टाकलेली साल गांडूळ आज खात नाही.

त्याला फुफ्फुसंही नसतात. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. आता आमचा गुन्हा बघा. खरकट्यातल्या मिठाने कातडीतलं पाणी ओढून घेतलं (ऑस्मॉसिस बारावीपर्यंत घोकून पाठ केला होता!). तेलाने हवा अडवली. आणि एकदम एवढा ढीग टाकल्यावर जिवाणूंच्या कामामुळे तो आतून तापला. खत करणाऱ्या गांडुळांना साधारण १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. ३५ च्या वर गेलं की ती पळ काढतात, नाहीतर मरतात.

कोणती गांडुळं?

गांडुळांचे ढोबळ तीन गट आहेत. काही पृष्ठभागावरच्या पालापाचोळ्यात राहतात, काही वरच्या मातीत आडवी बिळं करतात, तर काही खोल उभी बिळं करतात. खतासाठी विकत मिळतात ती पहिल्या गटातली. आयसेनिया फेटिडा आणि युड्रिलस युजेनी या बाहेरून आलेल्या जाती, तर पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्याकडची. वाफ्यात खत करण्याचा फायदा असा, की ओल आणि अन्न मिळालं की बाकीच्या दोन गटांतली स्थानिक गांडुळंही आपण होऊन येतात. वरची गांडुळं कचरा खातात, खालची माती पोखरून भुसभुशीत करतात.

एक गैरसमज मात्र काढून टाका. गांडुळाचे दोन तुकडे झाले की दोन गांडुळं होत नाहीत. फार तर डोक्याकडचा भाग जगतो. म्हणून या वाफ्यात कुदळ मारू नये, हाताने किंवा खुरप्याने हलकेच माती सारावी.

आणि हा विषय बी.एस्सी. ॲग्रीवाल्यांचा आहे असं समजू नका. चार्ल्स डार्विनचं १८८१ साली आलेलं अखेरचं पुस्तक गांडुळांवरच आहे. गांडुळांना ऐकू येतं का हे पाहायला त्याने त्यांच्यासमोर पियानो वाजवून पाहिला. गांडुळं ढिम्म! पण त्यांची कुंडी पियानोवर ठेवून स्वर वाजवताच ती बिळात पळाली. ऐकू येत नाही, कंपनं मात्र कळतात. आपल्या पुण्याचे उदय भवाळकर तर मूळचे केमिकल इंजिनिअर, आणि त्यांनी काम केलं ते गांडुळांवर.

हिशेब

दुसऱ्या वेळी आधी वजनकाटा आणला. मेसमधल्या मावशी भाजी निवडतात तेव्हा निघणारी देठं, साली आणि पाला आठवडाभर मोजला. सरासरी रोज ८ किलो. सगळं जमून आलं तर गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या निम्मं खातं. म्हणजे ८ किलोला किमान १६ किलो गांडुळं हवीत. आमच्याकडे होती १ किलो! आत येणारं वजा बाहेर जाणारं म्हणजे साठा, हे समीकरण पेपरात आपण डोळे मिटून सोडवतो. वाफ्यापाशी कुणालाच आठवलं नव्हतं. म्हणून नव्या १ किलो गांडुळांना सुरुवातीला रोज फक्त पाव किलो कचरा द्यायचा ठरवला.

पद्धत

१. सहा इंच व्यासाच्या पी.व्ही.सी. पाइपचे दोन फुटी तीन तुकडे घेतले. खालच्या दीड फुटात वर्कशॉपमध्ये १२ मिलिमीटरची भोकं पाडली. गांडुळांना ये-जा करायला ती पुरतात.

२. वाफा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच केला, म्हणजे पावसाळ्यात पाणी साचत नाही. तीन-तीन फुटांवर पाइप असे पुरले की सहा इंच वर राहतील.

३. तळाशी सुका पाला, त्यावर थोडं जुनं शेणखत आणि मग गांडुळं. ताजं शेण तापतं, ते नको.

४. कचरा बारीक चिरून टाकायचा. एक भाग कचऱ्याला दोन भाग सुका पाला. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, पाल्यात कार्बन जास्त. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० च्या आसपास राहिलं तर वास येत नाही. पाला बागेतलाच, जो एरवी जाळला जायचा.

५. वर कुंडी पालथी घालून तिच्यावर वीट ठेवायची. घुशी आणि माश्या, दोघांचाही बंदोबस्त होतो.

६. आधीचं बरंचसं संपल्याशिवाय नवीन टाकायचं नाही. हा नियम सर्वांत महत्त्वाचा.

चालेल : भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, अंड्याची कुटलेली टरफलं. जपून : लिंबू, कांदा, मिरची. अजिबात नको : मीठ, तेल, मांस-मासळी, शिजवलेलं खरकटं.

दुखणं ओळखा

आंबूस वास आला तर कचरा जास्त आणि हवा कमी. पाला घाला, दोन दिवस उपास. मुंग्या झाल्या तर वाफा कोरडा पडलाय, पाणी शिंपडा. मूठभर मिश्रण दाबून पाहावं, एखादा-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त. गांडुळं पाइपवर चढायला लागली तर समजा, मेस बिघडली!

काय मिळालं?

दीड-दोन महिन्यांत पाइपच्या भोवतीची माती काळी आणि रवाळ झाली. लिंबाच्या आकाराचे, मोहरीहून थोडे मोठे कोष दिसायला लागले, म्हणजे गांडुळांचा संसार वाढू लागला होता. गंमत म्हणजे न लावता टोमॅटो उगवले. हा ढीग तापत नाही, त्यामुळे कचऱ्यातलं बी मरत नाही. तेच टोमॅटो मावशींनी एका रविवारी कोशिंबिरीत घातले.

पण खोटं कशाला सांगू? आज हे तीन पाइप रोजचा एखादा किलो कचरा जिरवतात. ८ किलोंतले ७ अजून बाहेरच जातात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करायला सांगितलं, तेवढं आपण करतो. वाफे वाढले तर गांडुळंही वाढतील, आकडा हळूहळू खाली येईल. ताटातल्या खरकट्यावर मात्र त्यांच्याकडे उत्तर नाही. ते आपल्याकडेच आहे. हवं तेवढंच वाढून घ्या.

या जूनमध्ये आम्ही पास आऊट होऊ. वाफा मामांच्या हवाली आहे, पण ते आता पाणी घालायचं तेवढं घालतात आणि म्हणतात, "वाढायचं काम पोरींचं." तेव्हा सेकंड इयरच्या कुणीतरी संध्याकाळी पाच वाजता बागेत यावं. पाच मिनिटांचं काम आहे. आणि काही बिघडलंच, तर मामांना बोलावणं यायच्या आत स्वतः जाऊन सांगावं.