स्वादुपिंडाचा कर्करोग : केमोथेरपी आणि दूरस्थ आहारसाहाय्य

कर्करोगाच्या उपचारांची चर्चा बहुधा औषधांच्या किमतीपाशी थांबते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मात्र रुग्णाला केमोथेरपी कितपत सोसेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या पोषणावर अवलंबून असते. स्वादुपिंडातील विकरे स्निग्ध पदार्थ, प्रथिने व पिष्टमय पदार्थ पचवतात. गाठीमुळे नलिका अडली, की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. शौच तेलकट व फिकट होते, वजन झपाट्याने घटते. इन्सुलिन अपुरे पडून मधुमेहही जडू शकतो. मग औषधाची मात्रा कमी करावी लागते किंवा पुढची फेरी लांबते.

उपाय साधा आहे. पण तो रोज, घरी, ताटापाशी करावयाचा आहे. विकरांच्या कॅप्सूल जेवणासोबतच घ्याव्या लागतात. जेवणानंतर तासाभराने त्यांचा फारसा उपयोग नसतो. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, त्यामुळे अनेक कुटुंबांपुढे त्या घ्याव्यात की नाही हाच पहिला प्रश्न असतो, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो सहसा विचारला जात नाही. ‘तेल-तूप पूर्ण बंद’ हा आप्तांचा सल्ला तर वजन आणखी घटवतो. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असता थंड पेये टाळणे, मळमळीच्या दिवसांत थोडेथोडे खाणे, डाळ-अंडी-दह्यातून प्रथिने वाढवणे, हे सारे दूरध्वनीवरून समजावता येते. उत्तर व पूर्व भारतातून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबाला रेल्वेची भाडेसवलत मिळते. सोबत्याची बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. अर्थशास्त्रात यालाच संधी-खर्च म्हणतात.

चौकट बरीचशी तयार आहे. ‘ई-संजीवनी’ २०१९ मध्ये सुरू झाली; २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली; २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आहारतज्ज्ञांच्या व्यवसायाला वैधानिक स्थान दिले. अडचण मोबदल्याची आहे. २०१८ ची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देते, परंतु ठरावीक उपचार-संचांसाठी. घरबसल्या मिळणारा आहारसल्ला त्यात सहज बसत नाही. क्षयरोग्यांसाठी मात्र निक्षय पोषण योजनेत दरमहा ५०० रुपये होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पोषण हा उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व शासनाने तेथे मान्य केले आहे.

दूरध्वनीवरून वजन मात्र करता येत नाही. ताप, सततच्या उलट्या किंवा कावीळ दिसल्यास रुग्णालय गाठावेच लागते. जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली. त्या केंद्रांत वजनकाट्याशेजारी आहारतज्ज्ञाचे पद मंजूर होते की नाही, हे पाहावे लागेल.