उपाधी आणि जबाबदारी

माण-खटावच्या माळरानावरून किंवा जतच्या दुष्काळी मुलखातून रोगी साताऱ्याला अथवा मिरजेला येतो, तेव्हा त्याच्या मनात आजाराची भीती असते आणि वैद्यकावरचा विश्वासही असतो. पांढरा कोट घातलेली जी व्यक्ती प्रथम भेटेल, तिला तो ‘डॉक्टर’ म्हणतो. तिने कोणती विद्या संपादन केली आहे, हे ताडून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. दारावरची पाटी हाच त्याचा आधार होय. म्हणूनच त्या पाटीवरील शब्द खरा असावा, ही काळजी कायद्याला घ्यावी लागते.

या प्रदेशात वैद्य, हकीम व डॉक्टर हे दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदत आले. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उभारले. साताऱ्यास १९१६ साली आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय निघाले. आर्य व आंग्ल या दोन विद्यांचा मेळ त्याच्या नावातच आहे. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने वैद्यकीय पदव्यांविषयी कायदा केला. खोटी पदवी लावून आपण पाश्चात्य वैद्यकात पारंगत आहोत असे भासविणाऱ्यास २५० रुपयांपर्यंत दंड ठरला.

तथापि पदवी खरी असली म्हणजे सारे साधले असे नाही. मुंबईत होमिओपॅथीच्या एका नोंदणीकृत चिकित्सकाने तापाच्या रोग्यास अॅलोपॅथीची औषधे दिली. रोगी दगावला. जी विद्या आपण शिकलो नाही तिचा प्रयोग करणे हाच निष्काळजीपणा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरविले व ३ लक्ष रुपयांची भरपाई द्यावयास लावली.

‘डॉक्टर’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ शिक्षक. मग ही उपाधी कोणी लावावी? फिजिओथेरपिस्टांनी ती लावू नये, असे पत्र केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. प्रश्न मानाचा खरा. परंतु त्याहून अधिक तो रोग्याच्या विश्वासाचा आहे.

आखडलेला हात पुन्हा हलता करणारा, रात्रभर उशाशी जागणारी परिचारिका, नेमके औषध देणारा औषधनिर्माता यांपैकी कोणाचेही काम कमी मोलाचे नाही. प्रत्येकाने आपली ओळख स्पष्ट सांगावी, यातच त्याच्या विद्येचा गौरव आहे. आणि ‘आपण कोणते शिक्षण घेतले आहे?’ असे रोग्याने नम्रपणे विचारले, तर तो उद्धटपणा नव्हे. तो त्याचा हक्कच होय.