ताऱ्यांचे कारखाने : स्टारबर्स्ट दीर्घिका

विद्यार्थी मित्रांनो, मागच्या पाठात आपण आकाशगंगा पाहिली. तेव्हा वर्गात एक प्रश्न आला होता, "बाई, तारे सगळे एकदमच तयार झाले का?" नाही. तारे आजही जन्मतात. ताऱ्याचा कच्चा माल म्हणजे वायू, त्यातही मुख्यतः हायड्रोजन. थंड वायूचा ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतो, आतून तापतो आणि तारा पेटतो.

आपल्या आकाशगंगेत हे काम अगदी सावकाश चालतं. वर्षभरात साधारण एक-दोन सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे नवे तारे बनतात. पण काही दीर्घिकांमध्ये हाच वेग दहापट, कुठे शंभरपटही असतो. त्यांना स्टारबर्स्ट दीर्घिका म्हणतात.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे एम ८२. जवळचं म्हणजे किती, तर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे! बोडे या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये ती शोधली. शेजारची मोठी दीर्घिका एम ८१ हिच्या ओढीने एम ८२ मधला वायू ढवळला गेला, मध्यभागी गोळा झाला आणि तिथे ताऱ्यांची झुंबड उडाली. त्यातले मोठे तारे फार जगत नाहीत, काही दशलक्ष वर्षांत त्यांचा स्फोट होतो. त्या स्फोटांच्या जोराने उरलेला वायूही दीर्घिकेबाहेर फेकला जातो. म्हणजे वायू एकीकडे तारे बनण्यात खर्च होतो आणि दुसरीकडे उधळलाही जातो.

इथे मला आपला पोलादपूर तालुका आठवतो. जुलैत पऱ्ये फुगतात, सावित्री दुथडी भरून वाहते. आणि एप्रिल-मेमध्ये डोंगरावरच्या वाड्या टँकरची वाट बघतात. पाऊस कमी पडला असं नाही, पडलेलं पाणी थांबलं नाही. स्टारबर्स्टचंही तसंच आहे. इतक्या वेगाने वायू खर्चला, तर तो पुरणार किती दिवस?

याच प्रश्नाचं एक मोठं उत्तर आपल्या सह्याद्रीच्या पलीकडून मिळालं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. हायड्रोजन अणू २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो, त्या पकडल्या की वायूचा हिशोब लागतो. पण दूरच्या दीर्घिकेची लहर फारच क्षीण. मग शास्त्रज्ञांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. एका मुलाची कुजबुज मैदानापलीकडे ऐकू येत नाही, पण सगळी शाळा एकदम तेच कुजबुजली तर येते, तसं. २०२० मध्ये हे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात आलं.

हे संकेत सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेले. (वाटेत विश्व प्रसरण पावल्यामुळे लहरींची लांबी दुप्पट झाली होती, बरं का.) या दीर्घिका स्टारबर्स्ट नव्हेत, त्या काळच्या साध्याच. पण तेव्हा साध्या दीर्घिकाही आजच्यापेक्षा कितीतरी वेगाने तारे बनवत होत्या. त्यांच्याकडे वायू भरपूर निघाला, तरी त्या वेगाने तो शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता! बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणून विश्वातला ताऱ्यांचा जन्मदर पुढे घसरला, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे.

"मग तारे बनणं बंद होणार का?" पुढचा प्रश्न हाच येणार, मला माहीत आहे. लगेच नाही. जुने तारे मरताना थोडा वायू परत देतात, थोडा बाहेरूनही येतो. पण विश्वात तारे बनण्याचा सगळ्यात जोराचा काळ मागे सरला आहे.

करून पहा : मार्च-एप्रिलमध्ये रात्री साडेआठच्या सुमारास अंधाऱ्या जागी उत्तरेकडे, म्हणजे महाडहून रायगडाच्या दिशेला, तोंड करून उभे रहा. सप्तर्षीतल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत रेषा काढा आणि तेवढीच पुढे वाढवा. एम ८२ तिथेच आसपास आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. चांगली द्विनेत्री असेल आणि नशिबाने ढग नसतील, तर एक पुसट लांबट ठिपका दिसेल.