औषधाची माहिती सांगणारे यंत्र

औषध रोग्याच्या हाती पडले म्हणजे उपचार मार्गी लागला, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ते कसे, केव्हा व किती दिवस घ्यावयाचे हे त्याला उमगले नसेल, तर उत्तम औषधही निष्फळ ठरते. प्रसंगी घातकही होते. संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने रोगी दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत झालेल्या आहेत. भारतात २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांनी अशी माहिती समजावून देणे हे नोंदणीकृत औषधविक्रेत्याचे कर्तव्य ठरविले. दुकानापुढे दहा गिऱ्हाईके खोळंबली असता ते कितपत पार पडते, हे वाचकांनी अनुभवलेच असेल.

हे काम यंत्राकडून करवून घ्यावे, ही कल्पना अशा अडचणीतूनच पुढे येते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने लिखित मजकुरावरून बोलणारा चेहरा, हलणारे हात आणि हव्या त्या भाषेतील आवाज यांची चित्रफीत आज काही मिनिटांत तयार करतात. त्यांतील भाषांतराच्या अंगाची पूर्वपीठिका मात्र बरीच जुनी असून तिचा एक धागा नोएडात सापडतो. इंग्रजी मजकूर भारतीय भाषांत आणणाऱ्या ‘आंग्लभारती’ प्रणालीचे काम कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९९१ मध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाले. पुढे या कामात नोएडा येथील जी संस्था सहभागी झाली, ती आज सी-डॅकचा भाग आहे. प्रणाली प्रथम ज्या विषयांवर चालवून पाहिली गेली, त्यांत सार्वजनिक आरोग्याचा प्रचार हा एक होता. सुमारे नव्वद टक्के काम यंत्राने करावे व उरलेले मानवी संपादकाने पुरे करावे, असे तिचे धोरण होते. खरी मेख या उरलेल्या दहा टक्क्यांत आहे.

ती न जाणल्यास काय होते, हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका पाहणीने दाखविले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत औषधांवरील ७६ स्पॅनिश चिठ्ठ्या तपासण्यात आल्या. त्या १३ निरनिराळ्या संगणकप्रणालींनी तयार केल्या होत्या. त्यांपैकी निम्म्या सदोष निघाल्या. इंग्रजीत ‘वन्स’ म्हणजे एकदा. परंतु तीच अक्षरे स्पॅनिशमध्ये ‘अकरा’ या अर्थाची. तो शब्द तसाच राहिला, तर रोग्याने काय समजावे?

आपल्या भाषेतही असे खाचखळगे आहेत. ‘दिवसातून दोनदा’ आणि ‘दिवसा दोनदा’ यांत दोन अक्षरांचाच फरक. पण दुसरी सूचना ऐकणारा रात्रीची गोळी खुशाल टाळील. छापील चिठ्ठीवरील चूक निदान पुन्हा वाचता येते. चित्रफितीतील चूक प्रसन्न, ठाम आवाजात येते व निघून जाते, आणि आवाजातील ठामपणा हा खरेपणाचा पुरावा नव्हे हे सामान्य रोग्याला कोण सांगणार?

चित्रांचीही तीच गत. दम्याचा पंप वापरण्यास शिकविण्यासाठी चित्रफितीसारखे साधन नाही, हे मान्य केले पाहिजे. झाकण काढणे, पंप हलविणे, श्वास पूर्ण सोडणे, ओठ घट्ट मिटून पंप दाबतानाच हळूहळू श्वास आत ओढणे व दहा सेकंद रोखून धरणे, हा क्रम शब्दांत पकडणे अवघड जाते. मात्र यंत्राने कल्पनेने रचलेले हात झाकण न काढताच पंप दाबू शकतात, किंवा श्वास सोडताना दाबू शकतात. आणि अजाण प्रेक्षकाला त्यात काही वावगे दिसणार नाही. म्हणून अशी प्रत्येक फीत, प्रत्येक भाषेत, ती भाषा मातृभाषा असलेल्या औषधतज्ज्ञाने प्रथमपासून अखेरपर्यंत पाहिल्याखेरीज दुकानात लावू नये. हिंदी फीत तपासली म्हणून मराठी फीत तपासली असे होत नाही.

फीत संपल्यावर औषधविक्रेत्याने रोग्याला एकच प्रश्न विचारावा : ‘आता घरी गेल्यावर गोळ्या केव्हा केव्हा घ्याल?’ याला फार तर अर्धा मिनिट लागतो. उत्तर ‘सकाळी आणि दुपारी’ असे आले, तर रोग्याला दोष देण्यापूर्वी ती फीत पुन्हा लावून ऐकावी.