कागदनिर्मिती : कणांची धारणा, पाण्याचा निचरा

चेन्नईजवळील ओरगडम हे वाहन उद्योगाचे मोठे केंद्र आहे. अशा उद्योगांतील सुटे भाग पुठ्ठ्याच्या खोक्यांतून ये-जा करतात. भारतात या खोक्यांसाठी लागणारा कागद प्रामुख्याने रद्दीपासून तयार होतो. मात्र प्रत्येक पुनर्वापरात तंतू आखूड होतात, बारीक कण वाढतात आणि लगद्यातील पाणी सावकाश निथळू लागते.

यंत्राच्या जाळीवर पडणाऱ्या पातळ लगद्यात सुमारे ९९ टक्के पाणीच असते. हे पाणी वेगाने निघून जावे, यास निचरा म्हणतात. सूक्ष्म तंतुकण आणि खडूच्या भुकटीसारखी पूरके कागदातच राहावीत, ही धारणा होय. पाण्यात तंतू व बारीक कण यांवर सामान्यतः ऋणभार असल्याने ते परस्परांना दूर ढकलतात आणि कण पाण्याबरोबर वाहून जातात. धनभारित पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या लांब साखळ्या त्यांना तंतूंशी जोडतात. टनभर कागदास हे रसायन काही शे ग्रॅम पुरते. त्यानंतर बेंटोनाइट माती अथवा कलिल सिलिका मिसळल्यास लहान, घट्ट पुंजके बनून पाणी मोकळे होते. मात्रा वाढल्यास मात्र पुंजके मोठे होतात आणि कागदाचा पोत ढगाळ दिसतो.

ओल्या कागदास दाबयंत्रातून काढल्यावर त्याचा कोरडेपणा १ टक्क्याने वाढला, तर वाळवणीची सुमारे ४ टक्के वाफ वाचते. निचऱ्याचे महत्त्व यावरून ध्यानात येते.

तथापि, रसायन हा पूर्वतयारीचा पर्याय नव्हे. तमिळनाडू शासनाने १९७९ मध्ये स्थापन केलेली तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स ही कंपनी करूर जिल्ह्यात उसाच्या चिपाडापासून कागद तयार करते. चिपाडातील स्पंजासारखा गाभा पाणी धरून ठेवतो, म्हणून लगदा करण्यापूर्वीच तो वेगळा करावा लागतो. तसेच गिरणीतील पाणी वारंवार वापरल्यास त्यात ऋणभारित अशुद्धी साचते आणि धनभारित रसायन तंतूंपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडते. पाण्याची बचत आणि रसायनाची मात्रा यांचा विचार म्हणूनच एकत्र करावा लागतो.

महाराष्ट्रासारख्या ऊस उत्पादक राज्यात चिपाड मोठ्या प्रमाणावर बाष्पकात जाळले जाते. त्यापासून कागद करावयाचा झाल्यास गाभा काढणे, पाणी स्वच्छ राखणे आणि मग मोजून रसायन देणे, हाच क्रम हितावह ठरेल.