लाकडी खेळणी आणि आपली शाळा



एका शाळेच्या भेटीत पहिलीच्या वर्गासाठी आलेला खेळण्यांचा संच मी पाहावयास मागितला. गुरुजींनी कपाटाचे कुलूप काढून पेटी पुढे ठेवली. आतील प्रत्येक वस्तू मूळ वेष्टनातच होती. "मुले मोडतील, साहेब, मग साठा नोंदवहीत काय दाखवावे?" असे ते प्रांजळपणे म्हणाले. त्याच वेळी पटांगणात चार मुले भोवरा फिरवीत होती. भोवरा झिजलेला होता, त्याची आरही बदललेली दिसत होती. नातवाला पोहोचविण्यास आलेले एक आजोबा, जाळी कशी गुंडाळावी हे दाखविण्यात रंगून गेले होते. कपाटातील संच कोरा राहिला आणि पटांगणातील झिजका भोवरा मात्र दोन पिढ्यांना शिकवीत होता. या विरोधाचा आपण विचार केला पाहिजे.

लाकडी खेळण्याची गोडी का टिकते?

पहिले कारण असे की, चांगले लाकडी खेळणे अपुरे असते. आपल्याकडील जुनी ठकी पाहा. तिला सुटे हातपाय नसतात. चेहरा म्हणजे रंगाच्या चार रेषा. तरीही मुलगी तिला निजविते, जेवू घालते, तिच्यावर रागावते. जे खेळण्यात नाही ते मूल स्वतःच्या कल्पनेने भरून काढते. पांगुळगाड्याचेही तसेच. चालू लागेपर्यंत तो आधार असतो; पुढे त्याच मुलाच्या हाती तो दगडमाती वाहणारी बैलगाडी होतो.

दुसरे कारण, लाकूड दुरुस्त होते. चाक निखळले तर नवे बसते. म्हणून एका घरचा पांगुळगाडा आळीतील अनेक घरे फिरून येतो. मोठी माणसे तो हाती घेतात तेव्हा त्यांना केवळ वस्तू दिसत नाही. तो कोणी घडविला आणि त्यावर कोण कोण चालावयास शिकले, हे सारे आठवते.

तिसरे कारण, अशा खेळण्यांबरोबर भाषाही चालत येते. विटीदांडूत अंतर मोजताना मुले 'वकट, लेंड, मूंड, नाल' म्हणतात. तेलुगु भाषेतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या पहिल्या चार अंकांशी त्यांचे साम्य उघड आहे. पुस्तकात न लिहिलेले हे शब्द एका दांडूने जपले.

शिक्षणशास्त्राचा आधार

जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. त्यांच्या साधनांत लाकडी गोल, दंडगोल व घन यांना मानाचे स्थान होते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले; १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडला गेले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यास परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी व अनुताई वाघ यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून साधने तयार केली. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही खेळणी ही अध्ययनाची साधने मानली आहेत. तेव्हा खेळणे म्हणजे अभ्यासातून सुटी, हा समज सोडावयास हवा.

वर्गात काय करावे?

१. आठ घन : फ्रोबेल यांचे तिसरे साधन म्हणजे दोन इंची घनाचे आठ एक-इंची घन. मुलांना प्रथम जोडलेला मोठा घन दाखवावा, मग तो त्यांच्याकडूनच उलगडून घ्यावा. निम्मे म्हणजे चार, पाव म्हणजे दोन, हे ती हातांनी शिकतील. त्यानंतर 'तुम्हांस हवे ते रचा' असे सांगून आपण बाजूस बसावे.

२. विटीदांडू : लांबी निरनिराळी असलेल्या दोन दांडूंनी एकच अंतर मोजवून घ्यावे. उत्तरे वेगळी येतील. 'खरे कोणाचे?' या वादातूनच मीटरची गरज मुलांना पटते.

३. भोवरा : माथ्यावर कडेजवळ खडूने एक ठिपका काढावा. भोवरा फिरताना तेथे वर्तुळ दिसेल. ते का दिसले, हे लगेच सांगू नये. मुलांचे तर्क ऐकावेत.

४. फळे व भाज्या : सावंतवाडीच्या चितारआळीतील कारागीर लाकडाची फळे व भाज्या घडवून रंगवितात. असा संच मिळाल्यास भाषेच्या तासाला बाजार भरवावा.

खेळणी कोठून आणावीत?

प्रथम आपल्या गावच्या सुताराकडे जावे. सातारा-सांगलीकडील गावांत औते आणि बैलगाड्या घडविणाऱ्या सुतारांचे ते काम ट्रॅक्टर आल्यापासून घटले आहे. पुष्कळांची मुले हा व्यवसाय सोडून गेली आहेत. घन करवून घेताना मोठा ठोकळा कापू नये. करवतीच्या जाडीमुळे माप घटते. एक इंची चौरस पट्टीचे तुकडे पाडावेत. कडा गोल कराव्यात, पॉलिश पेपरने कूस नाहीशी करावी. लहान मुले वस्तू तोंडात घालतात, म्हणून लाकूड बिनरंगी ठेवणे उत्तम. शक्य असल्यास मुलांना सुताराच्या कामावर नेऊन हे घडताना दाखवावे. वस्तू कशी घडते हे पाहिलेले मूल ती सहसा मोडीत नाही, आणि मोडलीच तर दुरुस्तीस कोठे न्यावी हे त्याला ठाऊक असते.

पुढील केंद्र संमेलनास येताना प्रत्येकाने एक लाकडी खेळणे आणि त्यावर घेतलेल्या एका पाठाचे टिपण आणावे. खेळणे नवे नसले तरी चालेल. किंबहुना मुलांच्या हातांनी झिजलेले असेल तर अधिक बरे. नोंदवहीतील 'झीज' या शब्दाचे भय बाळगू नये. खेळण्याची झीज ही मुले शिकत असल्याची खूण होय.